शेवटच्या वाफ्यावरचा डाव

मुलांना भांडण सोडवायला शिकवा, असं प्रशिक्षणात सांगितलं आणि हातात ससा-कासवाचे तक्ते दिले. माझ्या सहावीच्या वर्गात दोन चुलत बहिणी बापांच्या पाण्याच्या भांडणापायी एका बाकावर बसत नव्हत्या. त्यांना ससा काय सांगणार, कपाळ!

सांगलीच्या पूर्वेकडचं ते कोरडं गाव. मी शाळेच्या मैदानातच छोटा पाट खणला. कडेला आठ वाफे, वरच्या टोकाला पाण्याचं पिंप, प्रत्येक वाफ्याला एक पोर. नियम एकच: आपला वाफा भिजला की दार मातीनं बुजवायचं, म्हणजे पाणी खाली जाईल. दोघींपैकी जिच्या बापाचं रान गावच्या पाटाच्या तोंडाशी होतं, तिला मी मुद्दाम शेवटी उभं केलं आणि तिच्या चुलत बहिणीला पहिल्या वाफ्यावर. पहिलीनं दार बुजवलंच नाही; पिंप संपलं तरी शेवटचा वाफा कोरडाच. पोरगी रागानं रडली. दोघी कचाकचा भांडल्या, पण कित्येक महिन्यांनी एकमेकींशी बोलल्या तरी. मला लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या रडलेल्या पोरीचे वडील ऑफिसात हजर. शाळा समितीचे अध्यक्षच ते.

"आवं बाई, पोरगी घरात मला पाणीचोर म्हणती. ह्यो कसला अभ्यास?"

मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. खेळ बंद करते असं लिहून द्या, नाहीतर तक्रार वर जाईल. तसं लिहायला मी पेन उचललंही. पण दोन पोरींची तोंडं आत्ता कुठं उघडली होती. मी लिहिलं, ‘पुढचा डाव गुरुवारी. शेवटच्या वाफ्यावर अध्यक्ष उभे राहतील.’ आणि खाली सही ठोकली.

गुरुवारी ते आले. बहुतेक खेळ हाणून पाडायलाच. पण निम्मं गाव जमलेलं, मागं कसं फिरणार? विजार दुमडून उभे राहिले. पहिल्या वाफ्यावर त्यांचीच लेक. तिचा वाफा तुडुंब भरला तरी ती दार बुजवेना.

"आगं, झालं की तुझं! सोड खाली!" ते ओरडले.

"माझं भिजलं न्हाई अजून," ती म्हणाली.

हे वाक्य गावानं वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. कुणी हसलं नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"बाई, थांबवा आता," मुख्याध्यापक माझ्या कानाशी कुजबुजले.

मी थांबवलं नाही. पिंपातलं पाणी संपेपर्यंत त्यांना त्या कोरड्या वाफ्यात उभं राहू दिलं.