याकामाच्या रोझबाई आणि आमचा रविवारचा वर्ग

जिथे चार माणसं हट्टाने एखादी भाषा शिकत बसतात, तिथे किश्श्यांना तोटा नसतो. नागपुरात गांधीबागेत माझ्या कापडदुकानाच्या माडीवर दर रविवारी मडावी सर गोंडी शिकवतात. त्यांची स्वतःची लेक रेखा मात्र कधी वर्गाला आली नाही. शाळेत पोरींनी चिडवलं, तेव्हापासून तिने घरातही गोंडी सोडली. "माझ्यामागं या घरात कोणी बोलणार नाही गा," हे सरांचं एकच दुखणं.

यंदा वर्गाला अमेरिकेहून पाहुण्या आल्या. रोझबाई. तिथल्या मूळच्या याकामा लोकांपैकी, आपल्याच भाषेच्या शिक्षिका. मी लगेच विचारलं, "तुमची भाषा बोलणारे किती उरले?" त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आम्ही तसं विचारत नाही. वर्गात नवीन कोण आलं, ते विचारतो." बाईंचं मला भारी कौतुक वाटलं. हल्ली वर्गात मीही तेच विचारतो.

*

इतवारीच्या बाजारात त्यांना साड्या दाखवायला नेलं, तर बाई सुरणाच्या ढिगापाशी अडकल्या! त्यांच्याकडे वसंतात रानातली कंदमुळं तयार झाली, की आधी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. त्याआधी कोणी ती उकरायचीही नाहीत. "आमच्याकडंबी नवं धान्य आधी देवाले," सर खूश. दोघांचं संपेना, तशी भाजीवाली वैतागली. "सुरण घेऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

*

सावनेरजवळ मित्राच्या बागेत मी जन्मात पहिल्यांदा हाताने संत्रं तोडलं. नागपूरकर असून! सोलणार, तोच रोझबाईंनी हात धरला. आपण तोडलेलं पहिलं फळ याकामा लोक स्वतः खात नाहीत, वडीलधाऱ्यांना देतात. माझी साठी जवळ आली, तरी निमूट सरांपुढे धरलं. एकही फोड न देता सरांनी ते संपवलं.

"उशीर केला गा तू," म्हणाले.

*

बाई निघायच्या आदल्या दिवशी सरांकडे जेवण होतं. रेखा वाढत होती. ताटं वाढून झाली, तरी रोझबाई घासाला हात लावेनात. त्यांच्याकडे आधी पाण्याचं नाव आपल्या भाषेत घ्यायचं, सगळ्यांनी घोट घ्यायचा, मग जेवण. "चूश," म्हणत त्यांनी घोट घेतला आणि पाण्याचा जग धरून उभ्या असलेल्या रेखाकडे पाहिलं.

"आता या घराच्या भाषेत. माझ्या घरी वाढणारी म्हणते."

सर ताटाकडे बघत बसले. मी वरणाकडे.

"येर," रेखा म्हणाली.

आम्ही घोट घेतला. सरांनी अख्खा पेला रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला.

"आणखी दे वं माय."