देवीच्या रांगेतून मागे फिरले तेव्हा

ही गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. ठाण्यात लहान मुलांच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये मी वीस वर्षं नर्स आहे. नवरात्राचे उपवास, पारायण कधी चुकवलं नाही, आणि त्याचा मनात ताठाही होता. त्या अष्टमीला टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायला दुपारची सुट्टी घेतली होती. निघताना बाळकुमची एक बाई सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. ताप होता, मुलगी दूध घेत नव्हती. "सिस्टर, उचललं की जास्तच रडते ही," ती म्हणाली. मी हातही लावला नाही. दात येत असतील, डॉक्टर संध्याकाळी येतील तेव्हा या, असं सांगून निघाले.

रांगेत पुढे एक चिमुरडी रडत होती. आईने कडेवर घेतलं आणि ती गप्प झाली. एवढंच घडलं, पण मला बाळकुमच्या बाईचे शब्द आठवले. उचलल्यावर मूल कळवळलं तर मेंदूज्वराची शंका घ्यायची, हे मीच नव्या नर्स मुलींना शिकवत आले होते. देवीपुढे दहा-बारा माणसं उरली होती. मी मागे फिरले.

रिक्षात आठवलं, त्या बाईचं मी नावसुद्धा विचारलं नव्हतं. पण पोहोचले तर ती बाकावरच बसून होती. मुलीचा नुकताच डोळा लागला होता, उचललं तर पुन्हा रडेल म्हणून आईला उठायचा धीर झाला नव्हता. मी टाळूवर बोटं ठेवली. टाळू फुगून घट्ट झाली होती. फोन करताच डॉक्टर आले. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत मेंदूज्वरच निघाला, शिरेतून औषधं सुरू झाली. पुढचे दिवस पडदे ओढलेल्या खोलीत मी अलगद तिची कूस बदलत होते, डोक्याचा घेर मोजत होते, झटका येतो का बघत होते. देवीकडे मागायला तोंड नव्हतं.

मुलगी वाचली. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते माझ्यामुळे गेलेल्या दोन तासांनी झालं का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. घरी जायच्या दिवशी मी तिच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "राग आलेला तेव्हा. अजून आहे थोडा. पण तुम्ही परत आलात, ते पण विसरणार नाही."

परत मी आले नाही, मला आणलं गेलं. का, ते मी विचारत नाही, फक्त हात जोडते. माझ्या मनातली ही लाज काढून घे, असं मात्र देवीकडे मागत नाही. ती राहू दे.