कातळ फोडला तो मीच

इंग्रजी अमलात आमच्या घराण्यातून पुण्याला जाऊन बी.एस्सी. झालेला मी पहिला. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. पण आमची मळी त्या पदवीपायी गेली, हेही मीच लिहायला हवं.

आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर, ओढ्याकाठी. शिवाराच्या खालच्या अंगाला ओढ्यात काळ्या कातळाची आडवी पट्टी होती. हा सगळा मुलूख लाव्हारसाचे थरांवर थर बसून झालाय, हे मी कॉलेजात शिकलो होतो. घट्ट थर पाण्याला दाद देत नाही, मऊ थर झिजतो. आमचा ओढा त्या घट्ट थरावर अडायचा, मागं पसरायचा आणि गाळ टाकायचा. त्या गाळाची सुपीक जमीन म्हणजे आमची मळी. तिच्यातल्या तंबाखूचं निपाणीच्या वखारीत नाव होतं.

पाणी साचलं की तंबाखूचं रोप कुजतं. म्हणून आप्पा, माझे वडील, रोपांचे दोन तरवे टाकायचे. पहिली लावण पुरात गेली, तर दुसऱ्या तरव्यातली रोपं ताज्या गाळात लावायची. मला तो अडाणीपणा वाटायचा.

“आप्पा, कातळ फोडूया. पाणी थांबायचंच न्हाय.”

“पानी जाईल रं. मग गाळ कुठं बसायचा?”

“ते मी शिकून आलोय.”

आप्पा बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याकडं बघून हसले. “हे शिकून आलंय. आमी आपलं नुसतंच म्हातारं झालोय.”

पण लेकाच्या शब्दाबाहेर ते गेले नाहीत. उन्हाळ्यात सुरुंग लावून कातळाला खिंडार पाडलं. त्या पावसाळ्यात मळीत पाणी साचलं नाही. लोकांनी मला पारावर मानानं बसवलं.

दुसऱ्या पावसाळ्यात ओढा खाली उतरायला लागला. खिंडारापासून मागं मागं खणत आला. पुरुषभर खोल झाला आणि मग काठ ढासळू लागले. बैलगाडीएवढी ढेकळं तंबाखूसकट पाण्यात जायची. आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खिंडारात धोंडे टाकत होतो, बाभळीच्या फांद्या टाकत होतो. आप्पांनी घराचं दारसुद्धा आणून टाकलं. ओढ्यानं तेही नेलं.

तिसऱ्या साली मळीची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली, तीही उंचावर. तिथंवर पूर चढेना, गाळ येईना. तिच्या वर चढावर जमिनीच्या आणखी दोन पायऱ्या होत्या, नुसता हुलगा पिकणाऱ्या. त्याही कधीकाळी मळ्याच असणार, हे मला तेव्हा उमगलं. ओढा खाली खणत जाऊन अशी एकेक पायरी वर सुटायला हजारो वर्षं लागतात, असं आमच्या पुस्तकात होतं.

आप्पा दरडीवर बसले होते.

“आता कसं करायचं रं?”

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी खाली उतरलो आणि परत खिंडारात धोंडे रचायला लागलो. ते टिकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.