बाविसावी

ज्येष्ठ वद्य पंचमी, सोमवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. कळसच्या शिवारातल्या बिरोबाच्या देवळात मी, पत्नी आणि गुरव असे तिघेच होतो. खिशात अकरा हजार रुपये होते, मुलीच्या साखरपुड्याच्या साड्यांसाठी आणि आचाऱ्याच्या विसारासाठी.

सारिकाला अठरा पूर्ण झाली होती. बारामतीत नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले होते, पण मी प्रवेश घेतला नव्हता. शेवटची तारीखही पाहिली नव्हती. स्थळ चांगले होते, पुन्हा येईलच असे नाही, एवढाच माझा हिशेब. तिला विचारले नव्हते. तरी मन खात होते, म्हणून कौल लावायला आलो. तिला बरोबर घेऊ, असे पत्नी म्हणाली होती. मी नको म्हटले.

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लग्न करायचे, डावी पडली तर थांबायचे. त्या उकाड्यात कळी पाच मिनिटे टिकत नाही. मी घड्याळ लावून चाळीस मिनिटे बसलो. एकही हलली नाही.

गुरव म्हणाला, "लगीन तुमचं हाय का आबा? मग जिचं हाय ती कुठं हाय?"

मी चिडून बाहेर आलो. वारा पडलेला. लिंबाखाली मेंढरे उभी होती, पण घुंगराचा आवाज नाही, बें-बें नाही. त्या उन्हात खांद्यावर घोंगडी घेतलेली एक म्हातारी मेंढरे बोटाने मोजत होती. सवयीने मीही मोजली आणि एकवीस आहेत, असे तिला सांगितले.

तिने वळून पाहिले नाही. "बाविसावी तू घरात बांधून ठिवलीयास. पाचाला दार लागतंय."

पत्नीने माझा हात घट्ट धरला. गुरवाला हाक मारून वळेपर्यंत लिंबाखाली कोणी नव्हते. धुळीत आमच्याच चपलांचे ठसे होते. खुराचा एकही नाही, लेंडी नाही.

घरी जाऊन सारिकाला गाडीवर बस म्हटले. कागदांची फाईल तिच्या उशाशी तयारच होती. पाचला वीस मिनिटे कमी असताना आम्ही बारामतीत नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी पोहोचलो. कारकुनाने वही पुढे केली. एकवीस नावे भरलेली होती, बाविसावी ओळ कोरी. आज शेवटचा दिवस, पाचला यादी बंद करणार होतो, असे तो म्हणाला.

ती म्हातारी कोण, हे मी ठरवत नाही. गुरवाने नंतर सांगितले, पाचच्या सुमारास दोन्ही कळ्या एकदमच खाली आल्या. त्याचा अर्थही मी लावला नाही. सगळे आपणच मोजायचे असते, हा माझा समज त्या दिवशी देवापुढे ठेवला आणि हलका झालो.

प्रवेशाचे नऊ हजार चारशे खिडकीवर भरले. गुरवाला अकरा रुपये. म्हातारीला द्यायचे राहून गेले. उरलेले पंधराशे एकोणनव्वद सारिकाच्या हातात ठेवले, आणि ती ते कशाला खर्च करणार, हे विचारले नाही.