फक्कीची रेघ

धरणाच्या फुगवट्यात एक टेकाड उरलं आहे. पाणी असतं तेव्हा ते बेट, उन्हाळा कडक झाला की नुसता माळ. तिथे नदी सुरय अंडी घालतात, म्हणून ते राखीव झालं आणि राखायला मला नेमलं. सुरय पक्षी दिसायला देखणा, पण घर बांधायच्या बाबतीत पक्का आळशी. उघड्या मुरमात खळगा करायचा आणि खड्यांच्याच रंगाची अंडी त्यात ठेवून मोकळं व्हायचं.

त्या वर्षी चैत्रातच पाणी हटलं आणि बेट काठाला जोडलं गेलं. कुत्री, मेंढरं, फोटो काढणारी हौशी मंडळी, सगळ्यांना वाट मोकळी. तारेचं कुंपण मागून मागून मी थकलो होतो. शेवटी सिरसाळ्याच्या बाजारातून चुन्याची भुकटी आणली आणि सगळ्या घरट्यांना आत घेऊन पांढरीशुभ्र फक्की मारली. रेघेच्या आत कुणी पाय टाकू नये, एवढंच. वाकून वाकून कंबरडं मोडलं, पण मनातून मी लई खूश होतो. दुसऱ्या दिवशी कुंपणासाठी पुन्हा तालुक्याला गेलो.

परतलो तेव्हा बेटावर पोकलेन उभं होतं. पाणंद रस्त्यासाठी शेजारच्या, काठावरच्या टेकाडाचा मुरूम काढायची परवानगी गावाला मिळाली होती. आमच्याकडे कुठं खणायचं ते फक्कीनंच आखून देतात. लहानपणापासून बघत आलोय मी हे. ऐन वेळी अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे. रेघेच्या आत कमरेएवढा खड्डा झाला होता. वर सुरय ओरडत घिरट्या घालत होते.

मी चालकावर धावून गेलो. वयस्कर माणूस, डोक्याचा रुमाल सोडत खाली उतरला.

"साहेब, फक्की तुमीच मारलती न्हवं? मला वाटलं, हितंच खांदायचं हाय. रेघंच्या भायेर हात लावला न्हाई."

शिवी द्यायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. ती शिवी माझीच होती.

पोकलेन घेऊन तो गेल्यावर रेघेबाहेर एक मादी बसलेली दिसली. तिचं घरटं आदल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटलं होतं. सबंध बेटावर तेवढंच वाचलं, कारण मला ते दिसलं नव्हतं. जवळ गेलो तशी ती उडाली आणि माझ्या डोक्यावर झेपावू लागली. तिच्या लेखी बेटावर सगळ्यात घातकी मीच होतो, आणि तिचं काही चुकत नव्हतं.