तालुक्यातला सर्वात मोठा कांदा उत्पादक

निफाडकडच्या एका कांदा बाजाराच्या फाटकाशी तो चहा विकायचा. एका हातात किटली, दुसऱ्या हातात काच तडकलेला मोबाईल. त्या बाजारासाठी मी पायथनमध्ये एक छोटं वेब ॲप लिहिलं होतं. शेतकऱ्यानं मोबाईल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, की त्याच्या ट्रॅक्टरचा लिलावासाठी नंबर लागणार. एक मोबाईल म्हणजे एक शेतकरी, असं मी डेटाबेसला बजावून ठेवलं होतं आणि स्वतःवर जाम खूश होतो.

शेतकरी मात्र सरळ चहावाल्याचा नंबर टाकायचे. "ओटीपीची कटकट आपल्याला नाय जमत," म्हणायचे. तो चहाची धार न मोडता, लिलावाची बोली लावावी तसा ओटीपी ओरडायचा.

हंगामाअखेर माझ्या ॲपनं तालुक्यातला सर्वात मोठा कांदा उत्पादक शोधून काढला. बाजार समितीच्या सभापतींनी त्याला शाल-श्रीफळ दिलं.

"सायेब, माझ्याकडं कुंडीत टाकायला बी माती नाय," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"सिस्टीममध्ये तर दिसतेय," मी म्हणालो.

प्रशस्तिपत्रावर नावाच्या जागी त्याचा मोबाईल नंबर छापला होता. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. फॉर्ममध्ये नावाची चौकट मीच ऐच्छिक ठेवली होती.