गुरुजींच्या चौरंगावरची टकटक

भुताखेतांवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. जन्म काशीतला, घर दूधविनायकच्या गल्लीत — भूत समोर आलंच तर त्याला पान खिलवून वाटेला लावीन! तरी हे घडलं, आणि भर दुपारी घडलं...

ब्रह्मा घाटावर आमच्या गुरुजींची वेदपाठशाळा. गुरुजी गेले. त्यांच्या पठणाची रेकॉर्डिंग्ज जुन्या मोबाईलमधून पाठशाळेतल्या सर्व्हरवर हलवायचं काम माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्यावर सोपवलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सर्व्हरवर काही चुकलं, की त्या चुकीची नोंदही रेकॉर्डिंग्जच्याच डेटाबेसमध्ये व्हायची. (ही अक्कल कुणाची ते विचारू नका.) डिस्क भरली. नोंद होईना. नोंद झाली नाही ही नवी चूक — मग तिची नोंद. तीही होईना, मग तिची... सर्व्हरचा पंखा असा घोंगावला, की गंगेपलीकडच्या म्हशी पाण्यातून उठल्या असतील!

"अरे, बंद कर ना हा बवाल!" माई ओरडल्या.

"माई, आत्ता वीज काढली तर अर्धवट हललेलं सगळं जाईल. गुरुजींचा आवाजच जाईल."

माई दारातच बसल्या.

आणि समोर गुरुजींच्या रिकाम्या चौरंगावर — टक् टक्. बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं. पंखा शांत. नोंदी थांबलेल्या. डिस्क तशीच भरलेली, प्रोग्राम चालूच, आणि एकूण एक रेकॉर्डिंग शाबूत.

"हे तर यांचंच," माई म्हणाल्या. "संथा चालू असताना म्हणणारा एक विद्यार्थी चुकला की दुसरा त्याला सुधारायचा. सुधारणाराच चुकला की तिसरा सरसावायचा, मग चौथा... नुसता कालवा! हे चौरंग वाजवायचे. सगळे चूप."

पुढे मी तोच नियम प्रोग्राममध्ये घातला. नोंद करतानाच चूक झाली, तर तिची पुन्हा नोंद करायची नाही. दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलीत एक ओळ लिहून गप्प बसायचं. पण हे पुढे. त्या दुपारी असा नियम तिथे नव्हता, गंगेची शपथ! माझ्या शपथेला गल्लीत किंमत नाही, म्हणून माईंना विचारा.

कारणं म्हणाल तर माझ्याकडे भरपूर आहेत. सगळी मीच रचलेली. खरं अजून सापडलेलं नाही. माईंनी शोधलंही नाही. त्या उठल्या, चहा करून चौरंगापाशी ठेवला.

"साखर नाही घातली हो," म्हणाल्या.

माझ्याकडे बघून नव्हे.